पुण्याहून घाट: सायकलने माथ्यापर्यंत, पायी तळापर्यंत

पुण्याभोवतीच्या घाटांचे दोन प्रकार आहेत आणि नवख्याची फजिती होते ती हा फरक न ओळखल्यामुळे. कात्रज, बोपदेव, दिवे, सिंहगड हे सुलटे घाट. ताज्या पायांनी आधी चढायचं, परतताना उतार. ताम्हिणी, वरंध, मढे, नाणेघाट हे उलटे. पुणे पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तर कोकण पार खाली. त्यामुळे सकाळच्या गारव्यात ताम्हिणी अर्ध्यापाऊण तासात सुर्रकन उतरून होतो, विळ्याला चहा-नाश्ता होतो, आणि दुपारी बाराच्या उन्हात, पाय अर्धे संपलेले असताना, तोच घाट समोर भिंतीसारखा उभा राहतो. चालणाऱ्यांचंही तेच. किल्ल्यावर दमलात तर मागे फिरून उतरता येतं. घाटवाटेत दमलात तर घर वर राहिलेलं असतं.

म्हणून उलट्या घाटात परतीची वेळ घरून निघतानाच ठरवून टाका आणि ती घड्याळाने पाळा, उत्साहाने नव्हे. सायकलवर घाट उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या चौपट वेळ चढायला धरा. पायी उतरायला दोन तास लागले तर चढायला तीन धरा.

कोणता घाट आधी

सुरुवात जुन्या कात्रज घाटाने करावी. शहरातून जवळ, चढ सोसवेल असा, आणि जुन्या बोगद्याशी पोचलं की थांबायला जागा. जुना म्हणजे भिलारेवाडीवरून जाणारा रस्ता. बाह्यवळण महामार्गावरचा नवा बोगदा सायकलसाठी नाहीच असं समजा. आत ट्रकच्या आवाजात मागचं काही कळत नाही आणि बाजूला सरकायला जागा नसते. रविवारी सकाळी सातनंतर जुन्या घाटातही मोटारी वाढतात, तेव्हा साडेसहाला माथ्यावर असलेलं बरं.

तीन-चार वेळा कात्रज न थांबता झाला की बोपदेव. लांबीला छोटा पण अंगाला उभा. इथे गिअर कमी पडतात की पाय, ते कळतं. बोपदेवने वर जाऊन सासवड गाठायचं आणि दिवे घाटाने उतरायचं, असा फेरा पुणेकर सायकलवाल्यांचा आवडता आहे. दिवे घाटातून खाली वडकीजवळचा मस्तानी तलाव दिसतो. मात्र या रस्त्यावर जड वाहनं खूप, आणि रुंदीकरणाचं काम चालू असलेल्या टप्प्यात वळणांवर बारीक खडी पसरलेली असते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला ज्या दिवशी निघते त्या दिवशी हा घाट वारकऱ्यांचा. सायकल घरी ठेवून पायी जा. अंधार पडल्यावर दिवे काय, बोपदेव काय, एकट्यादुकट्याने थांबायच्या जागा नव्हेत.

खरी परीक्षा सिंहगडाची. डोणज्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत सुमारे ९ किलोमीटर आणि साडेपाचशे-सहाशे मीटरची चढाई. हिशोबाने सरासरी साडेसहा टक्के निघते, पण सरासरीवर भरवसा ठेवू नका. मध्ये सपाट तुकडे आहेत, त्यांची भरपाई दहा-बारा टक्क्यांच्या तुकड्यांनी केलेली असते. कुठल्याही नव्या घाटाचा नकाशा बघताना एकूण चढाई भागिले लांबी एवढ्यावर थांबू नका, सर्वांत उभा एक किलोमीटर कोणता ते शोधा. गिअर त्या किलोमीटरसाठी निवडायचे असतात.

सिंहगड दोनदा तब्येतीत झाला की मग पाबे, ताम्हिणी, वरंध. लोणावळ्याकडे जायचं असेल तर जुना मुंबई-पुणे रस्ता. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, सायकलही त्यात आलीच.

सायकल: आदल्या दिवशी, आदल्या रात्री नव्हे

रात्री अकराला ब्रेक उघडून बसलात आणि तार तुटली तर सकाळी दुकान उघडं नसतं. म्हणून ही तपासणी दिवसा, दुकानं चालू असताना करा.

पहिलं बघायचं ते ब्रेक. रिमब्रेक (चाकाच्या कडीला, म्हणजे रिमला, दोन्ही बाजूंनी दाबणारा) असेल तर रबरी ब्रेक-शू काढून उजेडात धरा. त्यावरच्या आडव्या खाचा झिजून दिसेनाशा झाल्या असतील तर बदला. खाचा शिल्लक असल्या तरी रबरावर चमकणारे बारीक ठिपके दिसतात का पाहा. रिमच्या अ‍ॅल्युमिनियमचे ते कण रबरात रुतलेले असतात. पावसात चिखलाबरोबर ते आत जातात आणि पुढे प्रत्येक ब्रेकला रिम खरवडत राहतात. टाचणीने एकेक उकरून काढा, मग रबर सँडपेपरवर हलकं घासा. करकर आवाज त्यानेच बंद होतो, तेल घालून नव्हे. ब्रेकच्या आसपास तेलाचा डबा आणूच नका. डिस्कब्रेक (चाकाच्या मध्याशी बसवलेली चकती पकडणारा) असेल तर पॅडचा थर मिलिमीटरभरही उरला नसेल तर नवे घाला. दोन्ही प्रकारांत लिव्हर पूर्ण दाबल्यावर ते आणि हँडल यांत दोन बोटं जागा राहिली पाहिजे.

दुसरं गिअर. रोड बाईकला पुढे ३४ दात्यांची आणि मागे ३२ किंवा ३४ ची चकती असेल तर पुण्याभोवतीचे बहुतेक घाट बसून चढता येतात. मागची मोठी चकती २५ चीच असेल तर बोपदेवला उभं राहून रेटावं लागेल आणि दुसऱ्या दिवशी गुडघे बोलतील. हायब्रीड आणि एमटीबी (डोंगरी सायकल) वाल्यांना ही काळजी नाही. त्यांनी फक्त साखळी सर्वांत मोठ्या चकतीवर चढवून पेडल उलटसुलट फिरवून बघावं. साखळी चकती ओलांडून स्पोकमध्ये पडत असेल तर मागच्या डिरेलरचा (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो ज्यावर टांगलेला असतो तो धातूचा तुकडा, वाकलाय किंवा साखळीची हद्द ठरवणारा मर्यादा-स्क्रू ढिला आहे. सायकल उजव्या अंगावर पडली की हँगर वाकतोच. घाटात, सर्वांत हलक्या गिअरवर, नेमका तेव्हाच तो घात करतो आणि चार-पाच स्पोक घेऊन जातो.

तिसरं टायर. हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत ठासून भरायची सवय सोडा. मध्यम वजनाच्या माणसाला २८ मिमी टायरमध्ये ८० ते ८५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), ३५ मिमीमध्ये ५५ ते ६०, आणि २.१ इंची एमटीबी टायरमध्ये ३० ते ३५ पुरते. ओल्या रस्त्यावर पाच कमी. रिमब्रेकवाल्यांनी पॅच मारलेली ट्यूब घाटाला नेऊ नये. लांब उतारावर रिम तापते, आतला पॅच सुटायला लागतो आणि हवा उतरते ती नेमकी वळणावर. जुनी ट्यूब शहरात वापरा, घाटाला नवी.

बरोबर काय: दोन ट्यूब, दोन टायर-लिव्हर, हातपंप, मल्टिटूल (साखळी तोडायचं हत्यार त्यात आहे ना ते बघा), एक क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडायची कडी), रबरी हातमोजे, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा. ढग घाटमाथ्यावर उतरले की दहा मीटरवरचं दिसत नाही, तेव्हा दिवा दिवसाही लागतो.

चढ

चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करा. चढावर जोर लावून पेडल मारत असताना गिअर बदलला की साखळी कटकन उडते किंवा तुटते. बदलावाच लागला तर अर्धी फेरी पाय सैल सोडा, मग गिअरचं लिव्हर दाबा. पायांची गती मिनिटाला साठ ते सत्तर फेऱ्या ठेवा. पन्नासच्या खाली गेली की काम मांड्यांकडून गुडघ्यांकडे जातं. पहिला किलोमीटर बोलता येईल इतक्याच जोरात. दम लागलेला माणूस घाटाच्या शेवटी नाही, पहिल्या दोन वळणांतच चुकलेला असतो.

हेअरपिन वळणाची आतली कड सर्वांत उभी असते. आपण डावीकडून चालणारे, म्हणजे डाव्या वळणावर नेमके त्या उभ्या कडेला सापडतो. मागून काही येत नसेल, वळून पाहिलं असेल, तर आपल्या लेनच्या मध्यापर्यंत सरका. चढ एकदम सौम्य होतो. मागे एसटीचं हॉर्न वाजत असेल तर मुकाट्याने कडेला राहा. एसटीला वळणासाठी पूर्ण रस्ता लागतो आणि ती तो घेतेच.

पाणी दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. तहान लागल्यावर प्यायलं तर उशीर झालेला असतो. तासाला एक केळं, दोन-तीन खजूर किंवा एक चिक्की, आणि प्रत्येक दुसऱ्या बाटलीत ओआरएस. वर पोचल्यावर वडापाव आहेच, पण चढाच्या पायथ्याशी नको.

उतार

अपघात उतारावर होतात. वर पोचल्यावर घाम निथळत असताना लगेच सुटू नका. विंडचीटर चढवा, पाच मिनिटं थांबा, ब्रेक एकदा दाबून बघा. गार वाऱ्यात बोटं आखडली की लिव्हर नीट दाबलं जात नाही.

सारा वेळ ब्रेक धरून उतरणं हे सर्वांत वाईट. रिम आणि पॅड तापतात, पकड ढिली पडते, आणि मग माणूस घाबरून आणखी जोरात दाबतो. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक मिळून वेग उतरवा. वळणात सोडा. वळण संपलं की पुन्हा बघा. वळणाच्या बाहेरचा पाय खाली, त्यावर वजन, आतला पेडल वर, नजर वळणाच्या शेवटाकडे. चाक नजरेच्या मागे जातं, खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाल. उतरल्यावर डिस्कला बोट लावायचा मोह टाळा, भाजतं.

पावसात हिशोब बदलतो. ओल्या रिमवर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ब्रेक लागतच नाहीत, त्या फेऱ्या पाणी पुसण्यात जातात. म्हणून वळणाच्या बरंच आधी हलका ब्रेक लावून रिम पुसून घ्या, मग खरा ब्रेक. रस्त्याच्या अगदी कडेला, जिथे डोंगराचं पाणी झिरपतं, तिथे हिरवट शेवाळाचा पट्टा असतो. ओला असताना तो काळा दिसतो, डांबरात मिसळून जातो. त्याच्यावर ना ब्रेक, ना वळण. मोऱ्यांपाशी वाहून आलेली माती आणि दगड, रम्बलर (रस्त्यावरचे उंचवट्याचे आडवे पट्टे, तिथे हँडल घट्ट धरा), आणि वळणावर सांडलेलं डिझेल (इंद्रधनुष्यी झाक दिसते), या तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे पुष्कळदा बंद केला जातो. निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करा. बंदचा फलक ओलांडून सायकल जाते खरी, पण दरड सायकल बघून थांबत नाही.

पायी: घाटवाट ओळखायची कशी

डांबरी घाट ही अलीकडची गोष्ट. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० चा आणि रेल्वे १८६३ ची. त्याआधी शेकडो वर्षं माल उतरला तो बैलांच्या पाठीवरून, पायवाटांनी. नाणेघाट हा त्यातला सर्वांत बोलका. वरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, त्यात यज्ञांची आणि दानांची यादी आकड्यांनिशी कोरलेली आहे. अक्षरं नीट दिसावीत म्हणून भिंतीवर पाणी मारू नका, खडू फासू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा उजेड आला की ती आपोआप उठून दिसतात. बाहेर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. जुन्नर-घाटघर बाजूने गाडी थेट माथ्याशी जाते. चढायचं असेल तर कोकणातल्या वैशाखऱ्याकडून या, अडीच-तीन तास लागतात. त्या बाजूने आलात तर हा घाट सुलटा होतो!

घाटवाट आणि गुरवाट (गुरांनी पाडलेली वाट) यांत घोळ होतो तो असा. घाटवाट एका लयीत उंची सोडत किंवा घेत जाते, नागमोडी वळणं घेते, मध्येच रचलेले दगड, कोरलेल्या पायऱ्या, पाण्याचं टाकं, शेंदूर फासलेला दगड लागतो. माथ्याशी बहुतेकदा वाघजाईचं किंवा दुसऱ्या एखाद्या देवाचं ठाणं असतं. गुरवाट आडवी जाते, फाटे फुटत जातात, बारीक होते आणि करवंदीच्या जाळीत संपते. दहा मिनिटं झाली, उंची बदलली नाही, वाट बारीक होत चालली, तर तुम्ही गुरवाटेवर आहात. परत फिरा, पुढे काढू म्हणू नका. ऑक्टोबरमध्ये कमरेएवढ्या गवताने चांगली मळलेली वाटही झाकलेली असते. तेव्हा पायाला लागणारी कडक, दाबलेली माती हीच खूण.

नाळेची वाट, म्हणजे दोन कड्यांमधल्या घळीतून उतरणारी, पावसात पूर्ण वर्ज्य. वरून पाणी येतं आणि पाण्याबरोबर धोंडे येतात. कोरड्या दिवसांतही नाळेत एकामागे एक सरळ रेषेत चालू नका, वरच्याच्या पायाखालून निसटलेला दगड खालच्याच्या डोक्यात जातो. घसाऱ्यावर, म्हणजे मुरूम आणि सुट्या खडीच्या उतारावर, टाच आधी टेकवून, गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं टाका. मागे रेलून उतरणारा बसतोच.

वाट विचारायचीही एक रीत आहे. “मामा, ही वाट खाली जाते ना?” असं विचारलंत तर उत्तर “हो” असंच येणार, कारण नाही म्हणणं बरं दिसत नाही आणि खाली सगळ्याच वाटा जातात. “मामा, तुम्ही खाली उतरायला कुठनं जाता?” असं विचारा. मग हात वर होतो, आंब्याचं झाड दाखवलं जातं, कुठे डावीकडे वळायचं ते कळतं. “हे काय, पंधरा मिन्टं” याचा अर्थ शहरी पायांना चाळीस. अवघड वाट असेल तर गावातला वाटाड्या घ्या आणि पैसे आधी ठरवा.

पाणी: नोव्हेंबर-डिसेंबरात माणशी तीन लिटर, मार्चनंतर चार ते पाच. वाटेत झरा मिळेल हा हिशोब जानेवारीनंतर धरू नका. कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा तिन्ही नको. माश्या उठल्याच तर हात न हलवता, डोकं आणि तोंड झाकून तिथून लांब निघून जा. दगड उलथताना किंवा कपारीत हात घालताना आधी काठीने ठोका. फुरसं इवलंसं असतं, रंग मातीचा, पटकन दिसत नाही. चावलंच तर कापाकापी, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यातलं काही करू नका. तो अवयव स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ किंवा ११२ ला फोन करा. घाटात रेंज नसते, ती शेवटची कुठे होती ते लक्षात ठेवलेलं अशा वेळी कामी येतं.

पायी सुरुवात करायला कात्रज ते सिंहगड बरा. जुन्या बोगद्याच्या माथ्यावरून धारेने, म्हणजे डोंगराच्या कण्यावरून, सुमारे १६ किलोमीटर, तेरा टेकाडं, सात ते नऊ तास, वाटेत पाण्याचा थेंब नाही. पौर्णिमेच्या रात्री गर्दी असते. उन्हाळ्यात दिवसा जाणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं. अंधारबनची जंगलवाट मात्र नीट विचार करून. ताम्हिणीजवळच्या पिंपरी गावातून निघालेली वाट खाली भिऱ्याला उतरते, आणि गाडी पिंपरीत राहिलेली असते. रस्त्याने तो मोठा वळसा आहे. दुसरी गाडी भिऱ्यात आधीच उभी नसेल तर अर्ध्यातून मागे फिरणं शहाणपणाचं.

दोन्ही मिळून: केळद

सायकल आणि पाय यांची सांगड घालायला केळदसारखं गाव नाही. पुणे, खडकवासला, खानापूर, रांजणे, पाबे घाट, वेल्हे, भट्टी, पासली, केळद. पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. पाबे घाट उभा आहे, पण खिंडीत पोचलात की समोर तोरणा आणि राजगड दोन्ही उभे. पहाटे साडेपाचला निघून वेल्ह्यात जेवण आणि चारपर्यंत केळद, हा सुखाचा वेग. वेल्ह्यानंतर दुकानं विरळ होतात, केळी-बिस्किटं तिथेच भरून घ्या.

मुक्काम केळदमध्ये. सायकली ज्यांच्या ओसरीत लावाल त्यांनाच दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या पिठलं-भाकरीचं रात्रीच सांगून ठेवा. आयत्या वेळी सहा माणसांचं जेवण मागणं म्हणजे मावशींची दुपार खाणं. आणि पैसे विचारून द्या, “राहू द्या” म्हटलं तरी.

सकाळी साडेसहाला उपांड्या घाटाने कर्णवडीत उतरा. ही वाट अरुंद, काही ठिकाणी एका अंगाला दरी. उतरायला दीड-दोन तास. कर्णवडीहून रानवडीला आडवे जा आणि मढे घाटाने वर या. मढे रुंद, मळलेला. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून उमरठला नेला तो याच घाटाने, असं सांगतात. माथ्यावर लक्ष्मी धबधबा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिथे जत्रा असते, तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबर बरे. फेरा याच दिशेने घ्यावा, कारण अरुंद वाट ताज्या पायांनी उतरलेली बरी आणि रुंद वाट दमल्यावर. नऊ वाजेपर्यंत कर्णवडीत पोचला नाहीत तर पुढे जाऊ नका, आल्या वाटेने वर या. पावसाळ्यानंतर दरड बसून वाट सरकलेली असू शकते, कर्णवडीत विचारल्याशिवाय मढे धरू नका.

दुपारी एकपर्यंत केळद, जेवण, तासभर आडवं होणं, आणि मग सायकलवर फक्त वेल्ह्यापर्यंत. त्याच दिवशी पुणं गाठायचा हट्ट नको. रानवडीहून वर आलेल्या पायांना पाबे घाट पुन्हा झेपत नाही, आणि नसरापूरमार्गे आलात तर संध्याकाळच्या अंधारात महामार्ग वाट्याला येतो. वेल्ह्यात दुसरा मुक्काम करा, किंवा छोटा टेम्पो आधी ठरवून ठेवा. टेम्पोत सायकली उभ्या बांधायच्या, उजवी बाजू म्हणजे डिरेलरची बाजू एकमेकींना लागू द्यायची नाही, मध्ये चवाळं किंवा पोतं टाकायचं. नाहीतर दोन दिवस जपलेला हँगर नसरापूरजवळच्या चेलाडीच्या स्पीडब्रेकरवर वाकतो.